कचारगडची चढण

'बालाघाट' या नावाचा अर्थच मुळी घाटांवरचा मुलूख असा आहे. वैनगंगेकाठची भातशेते मागे टाकून बैहरकडे वळावे, की डोंगर समोर उभे राहतात. भरवेलीचे खाणकामगार तर मँगनीजसाठी भूमीच्या पोटात चारशे मीटरहूनही खोल उतरतात. तथापि जन्मभर डोंगरांच्या छायेत राहूनही केवळ डोंगर पाहावा म्हणून तो चढलेली कुटुंबे आपल्यांत थोडीच. आम्हीही त्यांतलेच. म्हणून एका हिवाळ्यात आम्ही नऊ जण, त्यांत एक आजीबाई व चार मुले, कचारगडची गुहा पाहावयास निघालो.

कचारगड आज महाराष्ट्रात आहे. 1956 सालच्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा प्रदेश व बालाघाट एकाच मध्यप्रदेश राज्यात होते. पुढे भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, आणि 1999 साली त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. बालाघाटहून आगगाडीने गोंदियास यावे, तेथून दुर्गकडे जाणाऱ्या गाडीने आमगाव, सालेकसा करीत दरेकसा स्थानकावर उतरावे. डोंगराच्या पायथ्याशी धनेगाव आहे.

तेथील एक वृद्ध गोंड गृहस्थ वाट दाखवावयास आमच्याबरोबर निघाले. त्यांनी प्रथम आमची रांग बदलली. सर्वांत हळू चालणाऱ्या आजीबाईंना पुढे घातले आणि उड्या मारणाऱ्या मुलांना मागे. "चालता चालता बोलता आलं पाहिजे," ते म्हणाले. "बोलणं तुटलं, की पाऊल जास्त झालं समजा." नवशिक्यास याहून उत्तम धडा कोणता? चढताना पाऊल लहान ठेवावे, तहान लागण्यापूर्वीच घोटभर पाणी प्यावे, आणि सारे बळ वर जाण्यातच खर्चू नये. कारण गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते.

अर्ध्या वाटेवर आजीबाई एका दगडावर टेकल्या. त्यांना दम लागला नव्हता. त्यांच्या मनात एक शंका होती. हळूच त्या आम्हांस म्हणाल्या, "हे यांचं देवस्थान. आपण ख्रिस्ती माणसांनी तिथं जावं का?" प्रश्न साधा होता, पण तो आम्हां सर्वांच्याच मनात होता. आम्ही म्हणालो, "आजी, आपण पूजेला नाही, पाहुणे म्हणून जातो आहोत." व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने 1965 साली 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात स्पष्ट केले आहे, की इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही. आजीबाई क्षणभर थांबल्या, काठी टेकून उठल्या व पुन्हा रांगेच्या पुढे झाल्या.

गुहेच्या मुखाशी येताच गारवा जाणवला. खडकाच्या पोटात उन्हाळ्या-हिवाळ्याचा फरक फारसा पोहोचत नाही. म्हणूनच अशा गुहा ग्रीष्मात थंड व थंडीत उबदार वाटतात. आत विस्तीर्ण दालन आहे. मुलांचा आवाज आपोआप खाली आला. वाटाड्याने आम्हांस धूर करू दिला नाही, कारण कड्यांवर आग्यामाश्यांची पोळी असू शकतात. वटवाघळांच्या विष्ठेची धूळ उडविण्यासही त्यांनी मनाई केली. ती धूळ फुफ्फुसांस घातक ठरू शकते.

मग त्यांनी आपल्या पूर्वजांची कथा सांगितली. काली कंकाली मातेची तेहतीस मुले या गुहेत कोंडली गेली होती, आणि तोंडावर प्रचंड शिळा होती. धर्मगुरू पारी कुपार लिंगो त्यांच्या सुटकेस आले. हिरासुका पाटालीर या वादकाने बाहेर असे वाद्य वाजविले, की आतल्या मुलांच्या अंगी बळ संचारले व त्यांनी शिळा ढकलली. मुले मुक्त झाली; पण शिळेखाली तो वादक चिरडला गेला. माघी पौर्णिमेस अनेक राज्यांतून गोंड बांधव येथे येतात, ते या स्मृतीसाठी.

आम्ही स्तब्ध झालो. शिळा लोटलेली कबर आपल्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी आहे. दोन्ही कथा एकच आहेत असे आम्ही म्हणणार नाही; तसे म्हणणे आपल्या श्रद्धेवरही अन्याय आणि त्यांच्यावरही. परंतु दुसऱ्यांच्या मुक्तीसाठी प्राण देणाऱ्याचे नाव एक समाज पिढ्यान्‌पिढ्या जपतो, हे ऐकून ज्या ख्रिस्ती माणसाचे मस्तक आदराने लवत नाही, त्याने क्रुसाखाली उभे राहून काय शिकले? आजीबाईंनी पायांतील वहाणा केव्हाच काढून ठेवल्या होत्या. त्यांना तसे कोणी सांगितले नव्हते.

गिर्यारोहण हा रिकामटेकड्यांचा छंद, असे कोणास वाटेल. पोप अकरावे पायस तरुणपणी धर्मगुरू असताना निष्णात गिर्यारोहक होते. 1889 साली त्यांनी आल्प्समधील मोंते रोझा पर्वताच्या पूर्वकड्यावरून चढाई केली, आणि पुढे 1923 साली मेंथोनचे संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. एलिया संदेष्ट्यासही परमेश्वराची चाहूल लागली ती होरेब पर्वतावरील गुहेच्या दाराशी, वादळात नव्हे, मंद स्वरात.

वाचकहो, सवड काढून आपणही जा. गावचा वाटाड्या घ्या, त्याचा मोबदला आधी ठरवा, प्रत्येकी एक विजेरी व पुरेसे पाणी बाळगा, भिंतींवर नावे कोरू नका, आणि दिवस मावळण्यापूर्वी पायथा गाठा. घरातील सर्वांत हळू चालणाऱ्यास पुढे ठेवा. म्हणजे कोणी मागे राहणार नाही.