22 मिलिमीटरचा लोहमार्ग

मॉडेल रेल्वेचा हाताने बांधलेला मार्ग म्हणजे सुटे रूळ आणि सुटे स्लीपर घेऊन, अंतर मोजून, एकेक जोड स्वतः डागून, म्हणजे सोल्डर करून, उभा केलेला मार्ग. तयार मार्गाचे तुकडे दुकानात मिळत असताना ही खटपट का करावी, याची कारणे निरनिराळी असतात. भारतीय गाड्यांची आवड असलेल्याला मुख्य कारण गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, हेच असते. तयार मार्गांपैकी सर्वांत प्रचलित मार्गावर दोन रुळांच्या आतल्या कडांमध्ये 16.5 मिमी अंतर असते. 1:87 या प्रमाणात ते 1435 मिमीच्या युरोपीय-अमेरिकी गेजशी जुळते. भारतीय ब्रॉडगेज मात्र 1676 मिमी, म्हणजे साडेपाच फूट रुंद. एका फुटाला 3 मिमी धरले तर गणित नेमके 16.5 मिमीवर येते आणि तयार मार्ग चालून जातो. एका फुटाला 4 मिमी धरले, म्हणजे 1:76.2 हे ब्रिटिश प्रमाण घेतले, तर गेज 22 मिमी होते, आणि तसा मार्ग स्वतः बांधण्यावाचून गत्यंतर नसते. आयर्लंडमधल्या हौशी मंडळींचीही हीच अडचण आहे: त्यांचे 1600 मिमीचे गेज या प्रमाणात 21 मिमी होते. प्रस्तुत लेखकाने शिकायला घेतला तो 22 मिमीचा मार्ग, कारण 4 मिमी प्रमाणात चाके आणि रूळ अधिक प्रकारांत मिळतात.

रूळ निकेल-सिल्व्हरचा, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचा असतो. तो गंजत नाही आणि डाग चटकन धरतो. ‘कोड 75’ या प्रकाराची उंची 0.075 इंच, म्हणजे 1.9 मिमी. ती 76.2 पट केली की 145 मिमी होते. भारतातल्या जुन्या 90 पौंडी रुळाची उंची 143 मिमी आहे. आजचे 52 आणि 60 किलोचे रूळ अनुक्रमे 156 आणि 172 मिमी उंच असल्याने त्यांच्यासाठी हा रूळ ठेंगणा पडतो. साहजिकच मॉडेल लाकडी स्लीपरच्या काळातल्या एखाद्या शाखामार्गाचे ठरते. काळाची निवड अशी रुळानेच केली, हे लेखकाच्या पथ्यावरच पडले.

ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर 275 सेंमी लांब, 25 रुंद आणि 13 जाड. प्रमाणात तो 36 मिमी लांब, 3.3 रुंद आणि 1.7 जाड होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सर्किट बोर्डासाठी विकली जाणारी, एका बाजूला तांब्याचा पत्रा असलेली शीट 1.6 मिमी जाडीची असते. रेल्वेशी काडीचा संबंध नसलेली ही वस्तू स्लीपरच्या मापाला इतकी जवळ असावी, हा सुखद योगायोग. शीट कापताना काचेच्या तंतूंची धूळ उडते. म्हणून ती ओली करून, तोंडाला मास्क लावूनच कापावी. ब्रिटिश हौशी लोक प्लायचे स्लीपर आणि त्यांवर चिकटवलेल्या, रूळ धरणाऱ्या प्लास्टिकच्या चेअरही वापरतात. तो मार्ग दिसायला सरस खरा, पण शिकणाऱ्याला तांब्याचाच स्लीपर सोयीचा. रूळ हलवायचा झाला तर डाग पुन्हा तापवला की काम होते.

बांधणी कागदावरच्या आराखड्यावर होते. टेम्प्लॉट या संगणकप्रणालीत हवे ते गेज भरून सरळ, वक्र किंवा सांध्याचा आराखडा पूर्ण मापात छापता येतो. छापल्यावर पोलादी पट्टीने तो एकदा मोजून घ्यावा, कारण प्रिंटर गुपचूप आकार बदलतात. एका किलोमीटरला 1660 स्लीपर या हिशेबाने दोन स्लीपरांतले अंतर 60 सेंमी, म्हणजे मॉडेलवर जेमतेम 8 मिमी येते. स्लीपर दुहेरी चिकटपट्टीने आराखड्यावर बसवतात. पहिला रूळ पट्टीला टेकवून डागायचा आणि दुसरा गेज नावाच्याच मापकाच्या आधाराने. 22 मिमीचा गेज सहज विकत मिळत नाही. लेथवर पितळेचा, रुळाच्या माथ्याएवढ्या दोन खाचांचा रोलर कातून घ्यावा लागतो. छपाईतला फरक या रोलरपुढे निष्प्रभ ठरतो, म्हणून डोळ्यांपेक्षा आणि कागदापेक्षा त्याच्यावरच विश्वास टाकायला शिकावे लागते.

डाग देण्याचा क्रम महत्त्वाचा. एका टोकापासून ओळीने डागत गेले तर तापून लांबलेला रूळ त्याच स्थितीत जखडला जातो आणि थंड झाल्यावर सगळा तुकडा धनुष्यासारखा वाकतो. म्हणून आधी दोन्ही टोके, मग मध्य, मग उरलेल्या जागा. चपट्या टोकाचा 40 वॅटचा सोल्डरिंग आयर्न, फ्लक्सचा थेंब, आणि रूळ पुरेसा तापेपर्यंतचा धीर. धातू रुळाखाली आपणहून ओढला गेला की डाग बसला. मण्यासारखा वर गोळा राहिला तर तो नुसता टेकलेला असतो. उरलेला फ्लक्स पाण्याने धुतला नाही तर काही दिवसांत हिरवट थर चढतो. शेवटी प्रत्येक स्लीपरचा तांब्याचा पत्रा मध्यभागी त्रिकोणी कानशीने तोडावा लागतो, नाहीतर दोन्ही रुळांतली 12 व्होल्टची वीज आपापसातच भिडते. मल्टिमीटर मुका राहिला की तो तुकडा पास.

वक्रावर गेज किंचित वाढवावे लागते. तीन पायांच्या गेजचे दोन पाय बाहेरच्या रुळावर ठेवले की ही वाढ आपोआप मिळते. भारतीय ब्रॉडगेजवरचा 10 अंशांचा वक्र 175 मीटर त्रिज्येचा असतो. प्रमाणात ती 2.3 मीटर भरते, आणि दिवाणखाना तेवढी उदारता सहसा दाखवत नाही.

खरी परीक्षा सांध्याची, म्हणजे एका मार्गाचे दोन होतात त्या जागेची. त्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात ते क्रॉसिंग. 1:8.5 च्या क्रॉसिंगचे टोक घडवण्यासाठी 85 मिमी पाया आणि 10 मिमी उंची असलेला त्रिकोण लाकडी ठोकळ्यावर आखतात, त्या कोनात दोन रूळ घासतात आणि एकत्र डागतात. टोकाच्या अलीकडे रुळात फट असणे अपरिहार्य, आणि त्या फटीवरून जाणाऱ्या चाकाला दिशा दाखवणारे तिथे काहीच नसते. ते काम समोरचा चेक रेल करतो: पलीकडच्या चाकाची कड मागून धरून ठेवतो, म्हणजे अलीकडचे चाक टोकावर आदळत नाही. लेखकाने घेतलेल्या मापांत चाकांच्या पाठींमधले अंतर 20.3 मिमी, कडेची जाडी 0.6 आणि फट 1 मिमी आहे. टोकापासून चेक रेलपर्यंत 21 मिमी राहतात आणि चाकाला 20.9 लागतात. उरतो तो एक दशांश मिलिमीटर. फट 1.3 झाली की चाक टोकाला ठोकरणारच. प्रत्यक्ष ब्रॉडगेजवर पाठींमधले अंतर 1600 मिमी असते, म्हणजे प्रमाणात 21. पण मॉडेलच्या चाकांच्या कडा जाड असल्याने ही तडजोड करावी लागते. खऱ्या क्रॉसिंगकडे पाहताना जो जादा रूळ निरर्थक वाटतो, त्याचे प्रयोजन हा हिशेब हाताने केल्यावर पुरते उलगडते.

टंग रेल, म्हणजे सांध्यातला हलणारा निमुळता रूळ, इतका पातळ घासावा की नख फिरवले तर शेजारच्या स्थिर स्टॉक रेलशी जोड लागू नये. दोन्ही टंग रेल एका आडव्या पट्टीला डागतात. तिचा पत्राही मध्ये तोडलेला असतो. क्रॉसिंगच्या टोकाला लागणारी वीज सांध्याच्या दिशेनुसार बदलते, म्हणून ती मायक्रोस्विचमधून देतात.

चाचणी हाताने ढकललेल्या एकाच वजनदार वाघिणीने, दोन्ही दिशांनी आणि सावकाश करावी. इंजिनाच्या वेगात दोष झाकले जातात. वाघीण कुठे अडते ते बोटांना कानांआधी कळते. मग रुळांच्या बाजूंना गंजाचा रंग, स्लीपरना करडा-तपकिरी, आणि शेवटी चाळलेली बारीक खडी. तिच्यावर भांडी धुण्याच्या साबणाचा थेंब घातलेले पाणी फवारून पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडतात. टंग रेलच्या आसपास खडी कोरडीच पसरून चिमट्याने निवडून काढावी, आणि फेव्हिकॉल वाळत असताना सांधा अधूनमधून हलवत राहावा.