कांचनबुरीच्या हिरवळीवर कोण नाही

चि. मुक्ता,



बँकॉकहून कांचनबुरीला एका दिवसात जाऊन आलीस, त्याचे फोटो पोचले. पूल, नदी, हिरवळीवर थडग्यांच्या सरळ रांगा. खाली तुझी एकच ओळ: ‘काका, इथे आपली माणसंही मेली म्हणतात, मग त्यांचं एकही थडगं कसं नाही?’ तुम्ही मुलं फोटो ढीगभर पाठवता आणि मराठीत चार शब्द लिहायला कंटाळता, ही माझी नेहमीची तक्रार. पण ही ओळ मनाला लागली. उत्तर लांबेल, कारण ते थोडं मला स्वतःलाही हवं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. त्या माणसांचा विसर काळाच्या ओघात पडलेला नाही. ती जिवंत असतानाच त्यांची नावं कोणी नीट लिहून ठेवली नव्हती, आणि ज्याचं नाव कागदावर नाही त्याच्या वाट्याला पुढे दगडही येत नाही. हे सगळं घडलं एका रेल्वेपायी. 1942च्या जूनमध्ये मिडवेच्या लढाईत जपानी आरमाराचं कंबरडं मोडलं. सिंगापूरला वळसा घालून ब्रह्मदेशात रसद नेणं धोक्याचं झालं, म्हणून थायलंडमधल्या बान पोंगपासून ब्रह्मदेशातल्या तानब्यूझायापर्यंत 415 किलोमीटरची रेल्वे डोंगर फोडून न्यायचं ठरलं. 17 ऑक्टोबर 1943 रोजी दोन्ही बाजूंचे रूळ जुळले. या कामावर साठ हजारांहून जास्त ब्रिटिश, डच, ऑस्ट्रेलियन युद्धकैदी होते; त्यांतले बारा हजारांवर मेले. आणि मलाया, ब्रह्मदेश, जावा इथून आणलेले मजूर पावणेदोन लाखांच्या वर होते. त्यांतले किती मेले याचा सर्रास दिला जाणारा अंदाज नव्वद हजारांच्या आसपासचा आहे. बारा हजारांच्या बाबतीत नाव, हुद्दा, तारीख सांगता येते. नव्वद हजारांच्या बाबतीत ‘आसपास’ म्हणावं लागतं. तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका शब्दात आहे.

त्या हिरवळीवरची एखादी पाटी जवळून पाहिलीस का? जमिनीलगत बसवलेली, हात दोन हातांची जागा, तिच्यावर सैनिकाचा नंबर, नाव, पलटण, मृत्यूची तारीख, वय, आणि खाली घरच्यांनी कळवलेली एखादी ओळ. हे सगळं तिथवर कसं पोचलं ते बघ. कैदी झाले तरी ते फौजेतच होते. प्रत्येक छावणीत त्यांचे अधिकारी होते, डॉक्टर होते, रोजची गणती होती. कोण कशाने मेला आणि कुठे पुरला याच्या याद्या त्यांनी पहारेकऱ्यांची नजर चुकवून ठेवल्या, काही बाटल्यांत घालून जमिनीत पुरल्या. जपान शरण आल्यावर त्याच वर्षी एक तुकडी त्या रेल्वेमार्गाने फिरली, जंगलातली हजारो थडगी शोधून तिने त्यांची नोंद केली. मग अवशेष एकत्र आणून कांचनबुरीचं दफनस्थान उभं राहिलं. तिथे आज जवळजवळ सात हजार जण आहेत. मजुरांचं काय झालं? मलायातून आणलेले बरेचसे रबराच्या मळ्यांवरचे तमिळ, म्हणजे तू म्हणतेस ती आपली माणसं. ते मळे युद्धामुळे बंद पडले होते, मजुरी थांबली, तांदूळ मिळेना. काहींना चांगल्या पगाराचं आमिष दाखवून नेलं. काहींना फुकट सिनेमा दाखवतो म्हणून बोलावलं आणि दारं लावून थेट गाडीत भरलं, अशा हकिकती आहेत. कित्येकांबरोबर बायकामुलंही होती. त्यांच्या छावणीत ना अधिकारी, ना पुरेसे डॉक्टर. 1943च्या पावसाळ्यात कॉलरा आला तेव्हा वस्त्याच्या वस्त्या साफ झाल्या. 1990 साली कांचनबुरीजवळच्या एका शेतात शेकडो माणसांचे सांगाडे एकत्र निघाले. त्यांतल्या एकाचंही नाव सांगता आलं नाही.

यावर कोणी म्हणेल, ही माणसं बहुतेक हिंदू, ती दहन करणार. थडगं कुठून असणार? वरवर पटणारा मुद्दा आहे, पण तो टिकत नाही. इंफाळला भारतीय फौजेच्या दफनस्थानात दहनस्मारक आहे, तिथे दहन झालेल्या आठशेहून जास्त हिंदू आणि शीख सैनिकांची नावं कोरली आहेत. रंगूनजवळच्या तौक्यानलाही असंच स्मारक आहे. म्हणजे देह अग्नीला दिला तरी नाव राहू शकतं. ते सैनिक फौजेच्या पटावर होते, मळ्यातले मजूर नव्हते. फरक एवढाच.

दुसरा आक्षेप जरा अवघड आहे. स्मारक मुळीच नाही असं नाही. पुलाजवळ जपानी फौजेनेच 1944 साली एक उभारलं आणि त्यावर तमिळमध्येही मजकूर आहे. मग विसरले असं कसं म्हणायचं? माझं उत्तर असं की ज्यांनी राबवून मारलं त्यांनीच सर्वांना मिळून एक दगड वाहिला, तर त्याने कोणाच्या घरी खबर पोचत नाही. मेलेल्यांना सामुदायिक नमस्कार करणं सोपं असतं; एकेकाचा शोध घेणं कष्टाचं असतं, आणि मजुरांसाठी ते कष्ट फार थोड्यांनी घेतले. जगाला या रेल्वेची ओळख झाली ती 1957च्या ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या सिनेमाने. तो श्रीलंकेत चित्रित झाला आणि गोष्ट गोऱ्या अधिकाऱ्यांची. पर्यटक क्वाय विचारत येऊ लागले, तेव्हा पुलाखालच्या मे क्लाँग नदीचं नावच बदलून ख्वाए याई केलं गेलं. एका सिनेमासाठी नदीचं नाव बदलता येतं हे पाहिलं की मजुरांच्या वाट्याचं मौन जास्तच खुपतं. गोऱ्या कैद्यांचं दुःख यामुळे कणभरही कमी ठरत नाही, हेही लक्षात ठेव. त्यांच्या पाट्यांपुढे उभी राहिलीस ते योग्यच केलंस.

तिसरा आक्षेप तुझ्या पिढीचा: ते तमिळ, आपण मराठी, संबंध काय? ही रेल्वे बांधली ती ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी. त्याच आघाडीवरून 1944 साली जपानी फौज इंफाळ आणि कोहिमावर चालून आली, आणि मार्चमध्ये सांगशाकच्या लढाईत तिला अडवणाऱ्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण होती. उलट बाजूला, रूळ जुळले त्यानंतर चारच दिवसांनी, 21 ऑक्टोबरला नेताजींनी सिंगापुरात आझाद हिंद सरकार घोषित केलं, आणि त्यांच्या आझाद हिंद फौजेत मलायातल्या मळ्यांवरचे मजूरही शिरले. कोण आपलं आणि कोण परकं हे त्या जंगलात इतकं गुंतलेलं आहे की भाषेवरून गाठ सोडवता येणार नाही. तू परदेशात राहून मराठी विसरशील याची धास्ती मला आहेच, ती लपवत नाही. पण मराठी टिकवायची म्हणजे बाकीच्यांकडे पाठ फिरवायची, असं मात्र मी तुला कधी शिकवणार नाही.

अलीकडे कांचनबुरीच्या वाट ताव्हॉर्न वरारामात तमिळ मंडळींनी या मजुरांसाठी एक वीरशिला उभी केली आहे. आपल्या गावांच्या वेशीवर वीरगळ असतात, त्याच परंपरेतली. एका दिवसाच्या सहलीत गाइड तिकडे नेत नाहीत, पण दफनस्थानापासून ती लांब नाही. पुढच्या वेळी बसने जाऊ नकोस. थोनबुरीहून सकाळची साधी गाडी धर. नाम टोकपर्यंत जाते ती याच रुळांवरून. वांग पो इथे कड्याला चिकटून लाकडी खांबांवरून गाडी सावकाश जाते, तेव्हा खिडकीतून बाहेर वाकू नकोस. पाणी जवळ ठेव, तिकडचं ऊन वाईट. तुझ्या ऑफिसात कोणी तमिळ असेल तर त्याला बरोबर ने आणि पुलाजवळचा तो मजकूर वाचून घे. काय लिहिलंय ते मला मराठीत लिहून पाठव, हाताने लिहिलंस तर उत्तमच. आजीला रविवारी फोन कर, ती वाट बघते.

तुझा,
भाऊकाका