पडेल यंत्रांचे कपाट

विजेत्यांचे कौतुक करायला सारे जग असतेच. हरलेल्यांना घरात घेणारा एखादा तरी असावा. माझ्या कपाटात व्हिडिओ गेमची जी यंत्रे आहेत, ती सगळी बाजारात पडलेली. "कुठे खपली नाहीत म्हणून आमच्याकडे आली," असे सौभाग्यवती पाहुण्यांना सांगतात. आणि त्यात खोटे काहीच नाही.

वरच्या खणात सेगा कंपनीचे ड्रीमकास्ट आहे. १९९८ साली ते जपानात निघाले, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या गड्याशी खेळण्याची सोय त्यात होती. २००१ मध्ये सेगाने ते बंद केले आणि यंत्रे बनवणेच सोडले. त्याच वर्षी सेगाचा लाडका सोनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर धावू लागला. पाटलाने वतन सोडावे आणि पोराने शेजारच्या गावी चाकरीला राहावे, त्यातली गत!

शेजारी बांदाईचे वंडरस्वान, हातात धरून खेळायचे. त्याची आखणी गुनपेई योकोई यांची. निन्टेन्डोच्या गेम बॉयमागेही हेच गृहस्थ. स्वस्त, मुरलेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा, हे त्यांचे सूत्र. लोणचे घालणाऱ्या आपल्या आज्यांना ते लगेच पटले असते! १९९७ मध्ये योकोई अपघातात गेले. यंत्र आले १९९९ साली. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तसल्या एकाच सेलवर ते तीसेक तास चालते.

आज मैदानात सोनी, निन्टेन्डो आणि मायक्रोसॉफ्ट हे तीन मोठे गडी. स्वतःच्या यंत्रांसाठी राखलेले काही खेळ २०२४ पासून मायक्रोसॉफ्ट सोनीच्या यंत्रावरही देऊ लागली, तेव्हा मला सेगा आठवली. पण यंत्रे पडण्याची मला कसली भीती? माझे कपाट भरेल! धास्ती निराळीच आहे. २०२३ च्या मार्चमध्ये निन्टेन्डोने वी यू या पडेल यंत्राचे ऑनलाइन दुकान मिटले. केवळ तिथेच मिळणारे खेळ नव्या गिऱ्हाइकाला दुर्मीळ झाले. २०२५ च्या स्विच २ च्या काही खेळांच्या कार्डात तर खेळच नसतो, नुसती किल्ली असते. खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. उद्या ते कोठारच बंद झाले, तर किल्ली घेऊन कोणते दार उघडायचे?

वंडरस्वान कुणाचीही परवानगी न मागता सेल घालताच जागे होते. बाजारात हरले, पण घेणाऱ्याशी इमान राखून हरले. उद्याच्या कारखानदारांकडे माझे मागणे एवढेच: बाबांनो, हरायचे तर खुशाल हरा, पण आमचा खेळ आमच्या हाती देऊन मग हरा!