संहिता नसलेली संहिता

एका बखरीच्या तीन मोडी प्रतींचे देवनागरी लिप्यंतर आम्ही दोघे सहकारी विद्यार्थ्यांना हाताशी धरून २००५पासून करीत होतो. प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहावी म्हणून फायली सीव्हीएस या आवृत्ती-व्यवस्थापन प्रणालीत ठेवल्या होत्या. सीव्हीएसचा स्वभाव भाबडा; वेगळे सांगितले नाही, तर आलेली प्रत्येक फाइल मजकुराचीच, असे ती धरून चालते. त्यापायी विंडोजवर पानांची छायाचित्रे बिघडत, मजकूर मात्र सुखरूप राही.

२००७ साली आम्ही सबव्हर्जनकडे वळलो. जुना इतिहास मागे ठेवून फक्त ताज्या प्रती आयात केल्या (ही चूकच, पण ती वेगळी). दुसऱ्या दिवशी दोन आवृत्त्यांतील फरक मागितला, तेव्हा उत्तर आले : फाइल बायनरी प्रकारची आहे, फरक दाखवता येत नाही. हे छायाचित्रांविषयी नव्हे, बखरीच्या मजकुराविषयी!

सबव्हर्जन नव्या फाइलीचे पहिले १०२४ बाइट तपासते. त्यांत शून्य मूल्याचा बाइट आढळला किंवा इंग्रजी मुद्रणचिन्हांबाहेरचे बाइट फार झाले, की ती फाइल मजकूर नव्हे असे ठरते. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, आणि तिन्ही परके. 'बखर' लिहिले की नऊ बाइट परके. आपली म्हणावी अशी तेवढी शब्दांमधली मोकळी जागा.

वर्गात पाठभेदांवर तासन्‌तास बोलणाऱ्या आम्हांला आधी हसू आले. मग दोघांनी एकाच प्रकरणात केलेल्या दुरुस्त्या एकत्र करण्यास प्रणालीने नकार दिला. मजकूर मानला असता, तर तिने त्या ओळीओळीने जुळवल्या असत्या. घाईत आम्ही एक प्रत निवडली. दुसरी प्रत जिची होती, तिचे आठवडाभराचे वाचन गेले. "माझं वाचन चुकलं होतं का, सर?" एवढेच तिने विचारले.

पुढे प्रत्येक फाइलीवर 'साधा मजकूर' हा गुणधर्म हाताने लावला. नव्या फायलींना तो आपोआप लागावा म्हणून प्रत्येकाच्या संगणकावर स्वतंत्र नोंद करावी लागे; ती भांडारातच ठेवण्याची सोय २०१३च्या १.८ आवृत्तीत आली. गिट फाइलीच्या आरंभी केवळ शून्य बाइट शोधते, त्यामुळे यूटीएफ-८मधील मराठी तेथे निभावते. जुन्या नोटपॅडमधून 'युनिकोड' म्हणून साठवलेल्या यूटीएफ-१६ फायली मात्र तेथेही अडतात, आणि गंमत म्हणजे तो शून्य बाइट मराठी अक्षरांत नसतो. तो असतो त्या मोकळ्या जागेत. आमच्याकडे अशा सात फायली निघाल्या. त्यांतली एक तिची होती, हरवलेल्या प्रकरणाचा पहिला खर्डा.