चिन्हकाची रेषा
सोस्यूरने चिन्हाविषयी मांडलेल्या दोन तत्त्वांपैकी यादृच्छिकतेभोवतीच आपली चर्चा रेंगाळते. दुसरे तत्त्व चिन्हकाच्या एकरेषीयतेचे : श्राव्य चिन्हक काळात, एकामागून एक उलगडते. दृश्य चिन्हकांना ही अट लागू नाही, हेही तो जाता जाता सांगतो. पण उदाहरण म्हणून त्याला जहाजांवरची निशाणे आठवतात, कर्णबधिरांचे हात आठवत नाहीत.

माझी एक मावशी जन्मतः बहिरी होती. तिच्या शाळेच्या पाटीवर 'मूक' हा शब्द होता. (तिच्याइतकी बोलकी बाई आमच्या घरात दुसरी नव्हती.) वर्गात हात हलले की पट्टी बसे, ओठ वाचायचे आणि जमेल तसा ध्वनी काढायचा. १८८० च्या मिलान परिषदेने मौखिक पद्धती श्रेष्ठ ठरवली, त्याचे हे दूरचे पडसाद. मावशीची भाषा घडली ती मधल्या सुटीत, इतर मुलींच्या हातांतून.

सासूशी झालेला तंटा सांगताना ती डावीकडची जागा सासूला नेमून देई. मग नाव घ्यावे लागत नसे. तिकडे बोट पुरे. खांदे वळवून, मान ताठ करून ती स्वतःच सासू होई, आणि हात सासूचे वाक्य उच्चारत असतानाच भुवई मावशीचा शेरा मारी. लिखित कथनात दोन स्वर एका वाक्यात मिसळले, की कोणता कुणाचा हे समीक्षकाला उकलावे लागते. इथे ते एकाच क्षणी, दोन ठिकाणी, स्वच्छ दिसत.

विल्यम स्टोकीने १९६० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेचे हस्ताकार, स्थान आणि हालचाल हे घटक वेगळे करून दाखवले. भारतीय सांकेतिक भाषेतही प्रश्नवाचक शब्द वाक्याच्या शेवटी येतो. मराठीच्या वाक्यरचनेशी तिला कर्तव्य नाही. २०१५ मध्ये दिल्लीत तिचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, पुढे कोशही निघाला. या भाषेत 'बाई' म्हणताना नाकपुडीवर, चमकीच्या जागी, बोट टेकवतात. चमकी उतरवून कितीतरी वर्षे लोटल्यावरही मावशी तेच करी. यादृच्छिकता इथे किंचित डळमळते.

ती गेल्यावर तो तंटा लिहून काढायला बसलो. 'सासू म्हणाल्या' इथवर ठीक होते; भुवईला जागा सापडेना. कंसात घातली तर ती नाटकातली रंगसूचना होते, पुढच्या वाक्यात घातली तर उशीर होतो. सध्या पानाचे दोन उभे भाग केले आहेत. ज्यांना दाखवले ते आधी डावा भाग वाचतात, मग उजवा.