फळ्यावरचा ठिपका

नव्या विमानतळावरून विमानं उडायला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. दुपारचा चहा टाकायला उठले, तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दारात साठीला टेकलेली एक बाई उभी. एका हातात वालाच्या शेंगांनी भरलेली पिशवी, दुसऱ्या हातात प्लास्टिकची फाइल.

"ओळखलंत का बाई?"

शिक्षकाच्या आयुष्यात हा प्रश्न नेहमीचाच. चेहरे बदलतात, केस पिकतात, पण "बाई" म्हणायची तऱ्हा काही बदलत नाही. मी अंदाजाने दोन नावं घेतली. दोन्ही चुकली. मग तीच हसून म्हणाली, "फळ्यावरच्या नकाशात आमचं घर कुठंय म्हणून मी विचारलं होतं, आणि तुम्ही खडूने ठिपका काढला होतात. ती मी!"

मग मात्र सगळं लख्ख आठवलं.

मी 1977 साली लग्न होऊन वाशीला आले. तेव्हाची वाशी म्हणजे खाडीपूल ओलांडला की सिडकोच्या थोड्याशा इमारती, आणि बाकी सगळीकडे माळ, चिखल आणि भाताची खाचरं. रेल्वे यायला 1992 साल उजाडावं लागलं. शाळेत निम्मी मुलं आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांची आणि निम्मी गावठाणातली, आगरी-कोळ्यांची.

1979 सालची गोष्ट. सातवीला भूगोल शिकवताना मी मोठ्या हौसेने फळ्यावर नव्या शहराचा नकाशा काढला. खाडी निळी, रस्ते पांढरे, वस्त्यांचे विभाग पिवळे. मला स्वतःलाच त्या शहराचं फार कौतुक होतं. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 1965 साली 'मार्ग' नियतकालिकात मांडलेली कल्पना की मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवावी. मग 17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली 95 गावं, 344 चौरस किलोमीटर जागा, आणि वीस लाख माणसांचं शहर! इतकं लांबचं कोणी आखून ठेवतं याचंच मला अप्रूप वाटायचं.

वर्गात मागच्या बाकावरून ही मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, आमचं घर कुठंय यात?"

मी नकाशाकडे पाहिलं. गावं मी काढलीच नव्हती. घाईने पांढऱ्या खडूने एक ठिपका काढला आणि म्हटलं, "हे बघ, हे तुझं गाव."

"एवढंच?" ती म्हणाली. वर्ग हसला. मीही हसले आणि पुढचा धडा सुरू केला.

असो. चहा झाला, इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या. तिच्या वडिलांची भातशेती नव्या शहरासाठी संपादित झाली, हे मला माहीत होतं. त्या आधीची गोष्ट मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळली. तिचे आजोबा कूळ होते. दुसऱ्याच्या जमिनीत राबायचे आणि पीक आलं की अर्धं मोजून द्यायचे. कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि 'कसेल त्याची जमीन' हे कागदावर आलं. आजोबांचं नाव सातबाऱ्यावर चढलं. त्यानंतर तेरा वर्षांनी, 1970 साली, तीच जमीन नव्या शहराच्या रेघेत आली. पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनीची मालकी त्या घराला मिळाली ती तेरा वर्षं! मी सातवीला कूळकायदा शिकवला, नवी मुंबईही शिकवली. पण या दोन तारखा एकमेकींशेजारी ठेवून पाहायचं मला कधी सुचलं नाही.

पुढचा इतिहास इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण तालुक्यात जासई आणि नवघरच्या परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांचं तत्त्व आलं. जेवढी जमीन घेतली, त्याच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत.

"आबांनी तेव्हाच ठरवलं," ती सांगत होती, "पोरगी द्यायची ती जिथं शिडको नाही अशा गावात." (सिडकोला इकडे शिडकोच म्हणतात.) म्हणून ती पनवेलच्या पलीकडे, रेघेच्या बाहेरच्या गावात दिली. चांगली भातशेती, वाल, चार आंबे, विहीर. पंचवीस-तीस वर्षं सुखाची गेली.

आणि मग रेघच सरकली. 10 जानेवारी 2013 ला 'नैना' आलं. म्हणजे विमानतळाच्या प्रभावाखाली येणारं अधिसूचित क्षेत्र. सुरुवातीला त्यात 270 गावं होती. त्यातल्या पहिल्या 23 गावांचा विकास आराखडा 2017 साली मंजूर झाला. नियोजन सिडकोकडेच. आबा असते तर काय म्हणाले असते कोण जाणे!

तिने फाइल उघडली. नगर रचना परियोजनेची नोटीस, गटांची यादी, नकाशाची झेरॉक्स. हरकती-सूचना द्यायला कायद्याने तीस दिवस असतात, त्यातले नऊ उरले होते.

"तू सातवीला पहिल्या पाचांत होतीस. तुला वाचता येत नाही का हे?" मी म्हटलं.

"वाचता येतंय बाई. कळत नाही."

मी चष्मा लावला. मंडळी, मी मराठी घेऊन बी.ए. केलंय, तीस वर्षं मराठी शिकवलंय. तरी दोन पानं वाचायला मला अर्धा तास लागला. मूळ भूखंड, अंतिम भूखंड, लवाद, सुधारणा आकार... प्रत्येक शब्द मराठी, पण ज्याची जमीन जाणार आहे त्याच्याशी बोलण्यासाठी त्यातलं एकही वाक्य लिहिलेलं नाही.

मला उमगलं ते सोप्या शब्दांत सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या गावी ही नोटीस उद्या येऊ शकते. इथे पूर्वीसारखं सरसकट भूसंपादन नाही. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या. त्यातून रस्ते, बागा, शाळा आणि खर्च भागवायला विकायचे भूखंड काढायचे. उरलेल्यातून प्रत्येकाला चौकोनी, रस्त्याला लागून असलेला भूखंड परत द्यायचा. नैनामध्ये हा वाटा चाळीस टक्के. जागा कमी, पण बांधकामाची परवानगी जास्त.

कल्पना नवी नाही. जर्मनीत फ्रँकफर्टचे महापौर आदिकेस यांच्या पुढाकाराने 1902 साली असा कायदा झाला. आपल्याकडे मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा 1915 चा. सांताक्रूझ-पार्ल्याच्या जुन्या पत्त्यांत 'टी.पी.एस.' अशी अक्षरं दिसतात ना, ती याचीच खूण. आपल्याच पुण्यात हडपसरला मगर मंडळींनी आणि त्यांच्या भाऊबंदांनी सुमारे चारशे एकर एकत्र करून स्वतःची कंपनी काढली, मगरपट्टा उभं केलं. तिथे नकाशा काढणारे आणि जमिनीचे मालक एकच होते, हा फरक मात्र मोठा.

"मग तुला हे नकोच आहे का?" मी विचारलं.

मला वाटलं, ती हो म्हणेल. पण ती म्हणाली, "नको कसं म्हणू? रस्ता पाहिजे, गटार पाहिजे. नातवाला भात लावायचा नाही. आणि काहीच आखलं नाही तर कल्याण-डोंबिवलीकडच्या गावांसारखं होणार. जिथं जागा मिळेल तिथं इमारत, मधे बोळ."

"मग हरकत कशाची?"

तिने नकाशावर बोट ठेवलं. गावठाणाच्या रेघेवर.

"हे बघा बाई. वीस वर्षांचा नकाशा आहे. बाहेरून किती माणसं येणार त्याचा हिशेब आहे. आमच्या गावात किती माणसं वाढणार, त्याचा हिशेब कुठंय? माहेरी हेच झालं."

तिच्या माहेरचं मी डोळ्यांनी पाहिलंय. 1970 साली गावठाणाची रेघ होती तशी राहिली आणि भोवतालची शेतं गेली. त्या घरात तेव्हा एक चूल होती, पुढे चार झाल्या. मुलांची लग्नं झाली, नातवंडं झाली, ती राहणार कुठे? मग अंगणात खोली, खोलीवर माडी, रेघेबाहेरच्या आपल्याच जुन्या शेतात घर. पण शेत आता आपलं नव्हतं, म्हणून घर अनधिकृत. सरकारी कागदांत त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणतात. आणि आम्ही सोसायटीतले लोक गॅलरीत उभं राहून म्हणायचो, "काय ही दाटी! यांना शिस्त कशी नाही?" मीसुद्धा म्हटलंय, खोटं कशाला बोलू. वीस लाख परक्यांसाठी अगोदरपासून जागा मोजून ठेवणाऱ्या शहराने गावातल्या दोन भावांचे चार होणार हे मोजलं नव्हतं. आणि मी ज्या दोन खोल्यांत बसून त्यांना नावं ठेवत होते, त्या खोल्याही कोणाच्या तरी खाचरावरच उभ्या आहेत.

दोन दुपारी बसून आम्ही हरकत लिहिली. तिने सांगायचं, मी लिहायचं. पहिला मुद्दा गावठाणाचा. पुढच्या वीस वर्षांत गावात किती घरं वाढतील ते मोजावं आणि तेवढी जागा गावाला लागूनच ठेवावी. दुसरा भूखंडाचा. चाळीस टक्के मिळतील, पण ते शक्यतो मूळ जागेजवळ मिळावेत. तिसरा पाण्याचा. हा मला सुचलाच नसता. भाताची खाचरं पावसाचं पाणी धरून ठेवतात. भोवती भराव टाकून जमीन उंच केली की गाव बशीत बसल्यासारखं होतं. जुन्या आगरी लोकांनी खारजमिनीला बांध घातले, उघाड्या ठेवल्या. भरती-ओहोटी पाहून पाणी कधी आत घ्यायचं, कधी सोडायचं हे त्यांना कळत होतं. सिडकोनेही भरती आणि पाऊस एका वेळी आले तर काय, या विचाराने धारण तलाव केले. तेव्हा ओढ्याची वाट नकाशात आधी काढा, रस्ता नंतर, असं तिचं म्हणणं.

चौथ्या मुद्द्यावर आमचा थोडा वाद झाला. तिच्या शेताच्या कडेला सात-आठ घरांची कातकरी वाडी आहे. ती म्हणाली, "त्यांचं पण लिहा."

"अगं, त्यांचं सातबाऱ्यावर नाव आहे का?"

"नाही."

"मग ते या योजनेत येतच नाहीत. ज्याचा मूळ भूखंड नाही, त्याला अंतिम भूखंड कुठला? आणि तुझ्या हरकतीत दुसऱ्याचं कसं लिहायचं?"

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आजोबांचं नाव पण नव्हतं ना बाई, सत्तावन सालापर्यंत."

मी लिहिलं.

शेवटी सोबत जोडायला कच्चा नकाशा काढायचा ठरला. मी कोरा कागद घेतला. ती सांगत गेली: ही विहीर, हे आंबे, हा ओढा, ही कातकरी वाडी, हे देऊळ, ही धाकट्याच्या घराची जागा, ही त्याच्या धाकट्याची. सवयीने मी सुरुवात बारीक अक्षरांत केली होती. निम्म्यात आल्यावर जागा पुरेना. कागद फाडला आणि पुन्हा मोठा काढला. अख्खा फुलस्केप लागला एका गावाला.

हरकत मुदतीत पोचली, पोचपावतीची झेरॉक्स तिने मला आणून दिली. सुनावणी व्हायची आहे. काय निकाल लागेल सांगता येत नाही. तिकडे 2024 साली अटल सेतूच्या पलीकडच्या, उरण-पनवेल-पेणमधल्या 124 गावांसाठी एमएमआरडीएच्या नव्या शहराची अधिसूचना निघाली आहे. रेघ अजून सरकतेच आहे. आमच्या नात्यातल्या ज्यांच्या जमिनी त्या बाजूला आहेत त्यांनी एवढं करावं: नोटीस आली की ती घरातल्या शिकलेल्या मुलांकडे टाकून मोकळं होऊ नये. स्वतः जाऊन नकाशा बघावा, आपलं घर त्यात बोट ठेवून शोधावं. आणि फक्त आपलंच नाही.

वालाच्या शेंगांची आम्ही गच्चीवर पोपटी लावली. भांबुर्ड्याचा पाला तिनेच पुढच्या खेपेला आणून दिला होता. नातू म्हणाला, "आजी, या शेंगा कुठे मिळतात?" मी त्याला जागा सांगितली. पुढच्या वर्षी मिळतील का, ते मात्र सांगितलं नाही.