जुना ग्रामोफोन वाचताना

शब्दाचे मूळ शोधताना आपण दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो : त्या शब्दाविषयी लोक जे सांगतात ते, आणि त्याचे रूप स्वतः जे सांगते ते. लोकव्युत्पत्ती रंजक असते; पण पुरावा म्हणून ती टिकतेच असे नाही. जुना ग्रामोफोन विकत घेतानाही हाच विवेक उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

वडिलांच्या मागे आमच्या घरी नाट्यसंगीताच्या लाखेच्या काही तबकड्या उरल्या. यंत्र मात्र नव्हते. ते शोधू लागलो तेव्हा प्रत्येक दुकानात आधी भेटली ती एखादी कथा. कुठे संस्थानिकाचा वाडा, कुठे शंभर वर्षांची परंपरा. चकचकीत पितळी कर्णा आणि पेटीवर कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा दिसला, की शंका घ्यावीशी वाटत नाही. परंतु ते चित्र कोणत्याही पत्र्यावर छापता येते. फ्रान्सिस बॅरॉड यांच्या मूळ चित्रात तर कुत्र्यापुढे फोनोग्राफ होता. 1899 मध्ये त्यावर ग्रामोफोन रंगवण्यात आला. त्या प्रसिद्ध चित्राखालीही एक जुना पाठ दडलेला आहे!

म्हणून कथा ऐकून घ्यावी आणि मग पेटी वाचावी. जुने यंत्र काढून नव्या पेटीत बसवणे आणि त्यावर नवा कर्णा चढवणे हा आपल्याकडे रुळलेला उद्योग आहे. लाकडावर खिळ्यांची बुजवलेली भोके आहेत का? कर्ण्याचा पत्रा पातळ, सांधे ओबडधोबड आहेत का? चावीचे भोक यंत्राशी नेमके जुळते का? प्रत्येक भाग जुना असणे आणि सगळे भाग मूळचे एकमेकांचे असणे, या भिन्न गोष्टी आहेत. किंमत दुसऱ्या गोष्टीला असते.

पुढची परीक्षा कानांची. पूर्ण चावी द्यावी, तबकडीखाली कागदाचा कपटा अडकवून फेरे मोजावेत. मिनिटाला 78 भरले पाहिजेत आणि दहा इंची तबकडीची बाजू, म्हणजे सुमारे तीन मिनिटे, संपेपर्यंत गती ढळता कामा नये. स्प्रिंग सुटताना धक्के बसत असतील तर आतले ग्रीस वाळलेले असते. हा दोष दुरुस्त होतो. त्याचा खर्च मात्र किमतीतून वजा करावा.

1931 साली आलेले ‘एच.एम.व्ही. 102’ हे बॅगेसारखे यंत्र पाहा. त्याचा कर्णा पेटीच्या आत असतो, म्हणून हौशी गिऱ्हाईक त्याला कमी लेखते. ते फार दुर्मीळ नाही. पण अखंड असेल तर उत्तम वाजते. जुळवलेले यंत्र घेण्यातही गैर काही नाही. शोभेची वस्तू म्हणून, शोभेच्याच किमतीला ते घ्यावे.

एवढी चिकित्सा कशासाठी, असे तुम्ही विचाराल. पैसे गेले तर पुन्हा मिळवता येतात. परंतु बिघडलेला साउंड बॉक्स आणि झिजलेली सुई तबकडीची रेघ खरवडून काढतात. पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी लावायची असते, ती याचसाठी. खोट्या यंत्राची खरी किंमत शेवटी तबकडीतला आवाज मोजतो; आणि त्या आवाजाची दुसरी प्रत कदाचित कोठेच नसते.